इंकजेट छपाई आणि ‘रिप’ : वेगळ्या सॉफ्टवेअरची गरज कशासाठी?

मराठी वाचकाला ‘प्रूफ’ हा शब्द नवा नाही. लग्नपत्रिका असो, जयंतीची निमंत्रणपत्रिका असो वा एखाद्या संस्थेची स्मरणिका असो, छपाईपूर्वी कागदावर उतरवलेला मजकूर कोणीतरी डोळ्यांत तेल घालून वाचतो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर समासात खुणा करतो आणि कागद मुद्रणालयाकडे परत पाठवितो. यालाच आपण प्रूफ तपासणे म्हणतो. परंतु रंगीत छपाईत आणखी एक प्रूफ असते आणि त्यातील अक्षरे कोणी वाचत नाही. त्यात केवळ रंग पाहावयाचे असतात. मशीनवर हजारो प्रती छापून झाल्यावर मुखपृष्ठ कसे दिसेल, हे एकही प्रत छापण्यापूर्वी दाखविणारा तो कागद असतो. हा कागद आज बहुतेक ठिकाणी इंकजेट प्रिंटरवर निघतो आणि तो विश्वासार्ह निघावा म्हणून जे खास सॉफ्टवेअर वापरतात, त्याला मुद्रण व्यवसायात ‘रिप’ असे म्हणतात. छायाचित्रकारही हेच सॉफ्टवेअर वापरतात, परंतु अगदी उलट्या हेतूने. हा उलटेपणा समजला की या विषयातील निम्मे कोडे सुटते, म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्यावरच भर दिला आहे.

निळ्या रंगाचा प्रश्न

उदाहरण आपल्या परिचयाचेच घेऊ. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर पंचरंगी धम्मध्वज छापावयाचा आहे. संगणकाच्या पडद्यावर ध्वजातील निळा पट्टा तेजस्वी दिसतो. छापून आल्यावर तोच जांभळट निघतो. केशरी पट्टा मातकट होतो. कार्यकर्ते मुद्रकावर रागावतात आणि मुद्रक म्हणतो, ‘फाईलमध्ये होते तेच छापले.’ गंमत अशी की दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो.

पडदा रंग दाखवितो तो लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या मिश्रणाने. ऑफसेट छपाई रंग दाखविते ती सायन (मुंबईकरांनी रेल्वे स्टेशन समजू नये, हा आकाशी-हिरवट छटेचा निळा होय), मॅजेंटा, पिवळा व काळा या चार शायांच्या बारीक ठिपक्यांनी. प्रकाशाची बेरीज होते. शाई मात्र कागदावरून परतणाऱ्या प्रकाशातला काही भाग गिळून टाकते, म्हणजे ती वजाबाकी करते. पडद्यावरचा शुद्ध, झळाळता निळा या चार शायांच्या आवाक्याबाहेर आहे. त्याच्या जवळ जाण्यासाठी सायनवर मॅजेंटा छापावा लागतो आणि मॅजेंटा जरासा अधिक झाला की निळ्याचा जांभळा होतो. म्हणून जाणते डी.टी.पी. कारागीर निळ्या रंगात मॅजेंटाचे प्रमाण सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवतात. ज्यांना नेमका एकच निळा हवा असतो ते चार शायांखेरीज पाचवी खास शाई लावून घेतात. तिचा खर्च अर्थातच वेगळा पडतो.

आता प्रश्न असा की हा जांभळटपणा आधी कळावा कसा? पडद्यावरून तो नीट कळत नाही, कारण प्रत्येक पडद्याचा उजेड व रंग वेगळा. बरे, कार्यालयातल्या चांगल्या इंकजेट प्रिंटरवर एक प्रत काढून पाहावी, तर तेथे दुसराच घोटाळा होतो. आजच्या चांगल्या इंकजेट यंत्राची रंगांची झेप ऑफसेटपेक्षा मोठी असते. फोटोसाठी बनविलेल्या यंत्रात चार मूळ शायांसोबत फिकट सायन, फिकट मॅजेंटा, करड्या शाया असतात. एप्सन कंपनीच्या २००८ सालच्या मोठ्या यंत्रांत केशरी व हिरवी शाईही आली. अशा यंत्राने काढलेली प्रत सुंदर दिसते. ध्वजाचा निळा त्यात खुलतो. मंडळी खूश होऊन सही करतात, आणि ऑफसेट मशीनवरून गठ्ठे येतात ते जांभळे. वर्गणीच्या पैशातून झालेली छपाई असेल तर हा केवळ रंगाचा प्रश्न राहत नाही. हिशेबाच्या सभेतही त्याची चर्चा होते. सुंदर प्रिंट आणि खरे प्रूफ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात येईल.

पूर्वी ही अडचण वेगळ्या पद्धतीने सोडविली जात असे. खऱ्या प्लेट लावून लहान प्रूफिंग मशीनवर हाताने चारपाच प्रती काढीत. किंवा छपाईच्या फिल्मवरून ड्युपॉन्ट कंपनीचे क्रोमालिन अथवा थ्री-एम कंपनीचे मॅचप्रिंट काढीत. ही पद्धत महाग होती, पण ती त्याच फिल्मपासून निघत असल्याने तिच्यावर भरवसा होता. पुढे संगणकावरून थेट प्लेट निघू लागली. मधली फिल्मच नाहीशी झाली आणि फिल्मवर अवलंबून असलेले प्रूफही तिच्याबरोबर गेले. ती जागा इंकजेटने घेतली.

रिप म्हणजे काय?

‘रास्टर इमेज प्रोसेसर’ या तीन शब्दांची आद्याक्षरे मिळून रिप हा शब्द झाला. पान रचणारा माणूस संगणकात जे ठेवतो ते बरेचसे वर्णनाच्या स्वरूपात असते. अमुक जागी अमुक फाँटचे ‘क’, तमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणापर्यंत रेघ, या चौकटीत हे छायाचित्र, असे ते वर्णन असते. प्रिंटरला वर्णन कळत नाही. त्याला एवढेच कळते की या बिंदूवर शाईचा थेंब टाकावयाचा की नाही. वर्णनाचे ठिपक्यांत रूपांतर करण्याचे काम रिप करतो.

हे काम किती मोठे आहे याचा अंदाज विद्यार्थी मित्रांना एका हिशेबावरून येईल. ए-थ्री कागद सुमारे ११.७ इंच रुंद व १६.५ इंच लांब असतो. एका दिशेने इंचाला १४४० व दुसऱ्या दिशेने ७२० ठिपके धरले, तर एका शाईसाठी सुमारे वीस कोटी जागा होतात. आठ शायांचे यंत्र असल्यास एका पानासाठी एकशे साठ कोटी निर्णय घ्यावे लागतात. थेंबही साधा नसतो. तो काही पिकोलिटरचा असतो आणि एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग.

ॲडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा १९८४ साली आली आणि १९८५ साली ॲपल कंपनीचा लेझररायटर हा प्रिंटर ती समजणारा रिप पोटात घेऊन बाजारात उतरला. त्या प्रिंटरमधील संगणक ज्या मॅकिंटॉशला तो जोडावयाचा, त्याच्यापेक्षा अधिक वेगवान होता. पान समजून घेणे किती जड काम आहे हे त्यावरून कळते. आज पोस्टस्क्रिप्टची जागा बहुतांशी १९९३ साली आलेल्या पी.डी.एफ.ने घेतली आहे. मराठी मजकुराच्या बाबतीत येथे एक सूचना करणे आवश्यक वाटते. पी.डी.एफ. करताना फाँट फाईलमध्येच बांधून दिला नाही, तर दुसऱ्या ठिकाणचा रिप त्याऐवजी हाती लागेल तो फाँट वापरतो आणि काने-मात्रा, जोडाक्षरे यांचा पार चुराडा होतो. जुन्या पद्धतीच्या देवनागरी फाँटमध्ये केलेल्या कामात तर हमखास.

कोणी म्हणेल, प्रिंटर विकत घेतला की त्याच्यासोबत ड्रायव्हर नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळतेच, मग वेगळा रिप कशाला? ड्रायव्हरही शेवटी ठिपकेच तयार करतो, हे खरे. परंतु घरगुती व कार्यालयीन इंकजेटचा ड्रायव्हर सहसा पडद्याच्या भाषेत, म्हणजे लाल-हिरवा-निळा या स्वरूपातच रंग स्वीकारतो. ऑफसेटसाठी चार शायांत तयार केलेली फाईल त्याच्याकडे गेली की ती आधी पडद्याच्या रंगांत बदलते आणि मग प्रिंटरच्या शायांत. या उलट-सुलट प्रवासात मूळ प्रमाण नाहीसे होते. फाईलमध्ये फक्त काळ्या शाईत असलेले अक्षर चारही रंगांच्या मिश्रणातून छापले जाते. मॅजेंटा किती, सायन किती, हे ठरविण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे राहत नाही; तो प्रिंटरच्या कारखान्याने आधीच वापरून टाकलेला असतो. त्यातून ‘आपोआप सुधारणा’ हा पर्याय चालू असला की चेहरे उजळ, आकाश अधिक निळे, असा परोपकारही यंत्र परस्पर करते. घरच्या सहलीच्या फोटोंना हे चालते. प्रूफला चालत नाही. रिप हा अधिकार कारखान्याकडून काढून घेऊन काम करणाऱ्याच्या हाती देतो, इतके समजले तरी पुरे.

चांगल्या यंत्राला आवर

प्रूफसाठी रिप वापरताना पुढील क्रमाने काम होते आणि हा क्रम चुकला तर पुढचे सारे वाया जाते.

प्रथम शाईची मर्यादा ठरवितात. प्रत्येक कागद किती शाई पिऊ शकतो याला सीमा असते. ती ओलांडली की शाई साचते, कडा फुटतात, कागद लाटेसारखा उचलतो व प्रिंटहेडला घासतो. ऑफसेटलाही हीच अडचण असते. तेथे चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज चकचकीत आर्ट पेपरवर ३०० ते ३३० पर्यंत व वर्तमानपत्राच्या कागदावर सुमारे २४० पर्यंत ठेवतात.

नंतर लिनिअरायझेशन. याला आम्ही ‘पायऱ्या सारख्या करणे’ म्हणतो. प्रत्येक शाईची शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंतची पट्टी छापून ती उपकरणाने मोजतात. जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असाव्यात तशी प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा ठरावीक प्रमाणात गडद असली पाहिजे. प्रत्यक्षात ती तशी नसते. मधल्या पायऱ्या फुगलेल्या असतात आणि वरच्या तीनचार एकमेकींत मिसळलेल्या. रिप ही वाकडी चढण सरळ करतो. पुढे दर काही दिवसांनी हीच पट्टी पुन्हा छापून यंत्र पहिल्या दिवसाच्या स्थितीत आणता येते. दमट हवा, नवी शाईची बाटली, थकलेले प्रिंटहेड यांमुळे यंत्र सतत थोडे सरकत असते, ही गोष्ट कोकणातल्या व मुंबईतल्या मंडळींना निराळी सांगावयास नको.

त्यानंतर प्रोफाइल. शेकडो रंगीत चौकोन असलेला तक्ता छापावयाचा (या कामी प्रचलित असलेल्या एका तक्त्यात १६१७ चौकोन आहेत), स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाच्या उपकरणाने प्रत्येक चौकोन मोजावयाचा, आणि त्यावरून या यंत्राच्या, या शाईच्या, या कागदाच्या रंगांचा एक शब्दकोश तयार करावयाचा. अशा शब्दकोशांची सर्वमान्य पद्धत असावी म्हणून १९९३ साली ॲडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट आदी आठ कंपन्यांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय कलर कन्सॉर्शियम स्थापन केले.

आता रिपच्या हाती दोन शब्दकोश असतात. एक ऑफसेट मशीनचा, दुसरा इंकजेटचा. ‘ऑफसेटवर सायन शंभर व मॅजेंटा शंभर छापले तर जो जांभळट निळा येईल, तोच रंग माझ्या इंकजेट शायांनी कसा काढू?’ एवढाच प्रश्न तो प्रत्येक ठिकाणी सोडवितो. इंकजेटला त्याहून सुंदर निळा काढता येतो, पण रिप तो काढू देत नाही. पन्नास टक्क्यांचा ठिपका ऑफसेटवर शाई पसरल्याने सुमारे पासष्ट टक्क्यांसारखा भरीव दिसतो. रिप इंकजेटवरही तसाच भरीवपणा आणतो. एवढ्यावरच तो थांबत नाही. ऑफसेटचा कागद जर पिवळसर असेल, तर पांढऱ्याशुभ्र प्रूफ-कागदाच्या मोकळ्या जागेतही तो अगदी फिकट पिवळसर शिंतोडा मारतो, जेणेकरून छापील पानाचा पांढरा प्रूफमध्ये दिसावा. प्रथमच पाहणाऱ्याला हा डाग वाटतो. प्रत्यक्षात सर्वांत काळजीपूर्वक काम झाल्याची ती खूण असते. महागड्या यंत्राला मुद्दाम कमी प्रतीचे छापावयास लावणे, हेच प्रूफच्या रिपचे मुख्य प्रयोजन होय. गवयाने दुसऱ्याची नक्कल करताना स्वतःची तान आवरावी, तसे हे आहे.

आणि ही नक्कल जमली की नाही हे डोळ्यांवर सोडत नाहीत. प्रूफच्या कडेला रंगीत चौकोनांची एक पट्टी छापतात. युरोपातील फोग्रा या संस्थेची अशी पट्टी सर्वत्र वापरली जाते. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत ७२ चौकोन आहेत. ती मोजून अपेक्षित आकड्यांशी ताडून पाहतात. दोन रंगांतील अंतराला डेल्टा ई म्हणतात. ते एकच्या आसपास असेल तर सरावलेल्या डोळ्यालाच फरक कळतो, पाचसहा झाले तर कोणालाही. प्रूफसंबंधीचे आंतरराष्ट्रीय मानक आय.एस.ओ. १२६४७-७ हे २००७ साली प्रथम प्रसिद्ध झाले, तेव्हा सर्व चौकोनांचा सरासरी फरक ३ व कोणत्याही एका चौकोनाचा जास्तीत जास्त ६ अशी मर्यादा होती. पुढील आवृत्त्यांत मोजण्याचे सूत्र सुधारण्यात आले. मोजणीचा निकाल व तारीख छापलेली चिकटपट्टी प्रूफवर लावतात. ती नसेल तर त्या कागदाला नुसती रंगीत झेरॉक्स समजावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

छायाचित्राचे काम उलटे

छायाचित्रकाराला कोणाची नक्कल करावयाची नसते. त्याची छापील प्रत हीच अखेरची वस्तू. म्हणून येथे रिपला सांगावयाचे असते की यंत्रात, शाईत व कागदात जे जे सामर्थ्य आहे ते सर्व बाहेर काढ.

गंमत म्हणजे कलात्मक इंकजेट छायाचित्रांचा जन्मच प्रूफच्या यंत्रावर झाला. आयरिस ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीची यंत्रे मुद्रणपूर्व प्रूफसाठी बनविलेली होती. ग्रॅहम नॅश हे गायक छायाचित्रेही काढीत. त्यांच्या जुन्या छायाचित्रांच्या बहुतेक निगेटिव्ह प्रकाशकाकडे पाठविताना हरवल्या होत्या. हाती उरली होती ती लहान कॉन्टॅक्ट शीट. डिस्ने कंपनीत काम करणारे डेव्हिड कून्स यांनी ती स्कॅन केली आणि मोठ्या आकारात जाड जलरंगाच्या कागदावर आयरिस यंत्रावर छापली. ते यंत्र केवळ मुद्रणपूर्व कामाच्या खास संगणकांशी बोलत असे. त्यामुळे छायाचित्रे त्याच्यापर्यंत नेण्यासाठी कून्स यांना स्वतः लिहिलेले सॉफ्टवेअर वापरावे लागले. १९९० च्या एप्रिलमध्ये त्या चित्रांचे प्रदर्शन भरले. पुढे नॅश यांनी १,२६,००० डॉलर किमतीचे आयरिस यंत्र घेतले, १९९१ साली मॅक होल्बर्ट यांच्यासह कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स हा छापखाना काढला, आणि २००५ साली ते यंत्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात गेले. म्हणजे यंत्र तेच. प्रूफसाठी ते एक बोलत होते, छायाचित्रासाठी दुसरे बोलू लागले, आणि फरक केला तो मधल्या सॉफ्टवेअरने. (आयरिसच्या सुरुवातीच्या शाया मात्र लवकर उडत. टिकाऊ पिगमेंट शाया पुढे आल्या.)

आता चेहऱ्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. रंगीत फिल्मच्या काळात फोटो लॅबना रंग जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी एक संदर्भ-चित्र पाठवीत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे आणि लॅबवाले त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कांती बरोबर आली की यंत्र बरोबर, असा हिशेब. सावळ्या व काळ्या माणसांचे चेहरे त्या मापात बसत नसत. निरनिराळ्या वर्णांच्या व्यक्ती असलेली कार्डे कोडॅकने नव्वदच्या दशकात काढली. आज फिल्म नाही, कार्ड नाही, परंतु अडचण पुरती गेलेली नाही. तिचे एक कारण वर सांगितलेल्या पायऱ्यांत आहे. गोऱ्या चेहऱ्यातील छटा पट्टीच्या फिकट भागात पडतात. सावळ्या चेहऱ्यातील गालाची गोलाई, डोळ्यांखालची सावली, केसांची कड या छटा गडद भागात पडतात. शाई जास्त झाली व पट्टीवरचे सत्तर, ऐंशी व नव्वद टक्के एकमेकांत मिसळले, की गोऱ्या चेहऱ्याचे फारसे बिघडत नाही, पण सावळ्या चेहऱ्याचे नाक-डोळे एका काळ्या डागात बुडून जातात. मग दुकानदार उपाय करतो तो चेहरा ‘उजळ’ करण्याचा. म्हणजे माणसाचा रंगच बदलण्याचा! चेहरा जसा आहे तसा, तपशिलासह उमटविण्याचा खरा मार्ग म्हणजे शाईची मर्यादा योग्य ठेवणे व गडद पायऱ्या वेगळ्या करणे, आणि ते रिपमध्ये अथवा त्या कागदासाठी नीट बनविलेल्या प्रोफाइलने करता येते. मोजणीचे उपकरण कोणाच्या चेहऱ्यावर बेतलेले नसते. त्याला फक्त आकडे दिसतात. आपल्या समाजातील ज्या तरुणांनी स्टुडिओ काढले आहेत, त्यांनी हा भाग पुन्हा एकदा वाचावा अशी विनंती आहे.

दुसरा विषय कृष्णधवल छायाचित्रांचा. घरोघरी वडिलधाऱ्यांची जुनी छायाचित्रे असतात, संस्थांकडे परिषदांची व मोर्चांची असतात. त्यांची मोठी प्रत काढताना साधा ड्रायव्हर करडा रंग सायन, मॅजेंटा व पिवळ्याच्या मिश्रणातून काढतो. हे मिश्रण किंचित सरकले की चित्राला हिरवट वा तांबूस झाक येते, आणि ट्यूबलाइटखाली एक, उन्हात दुसरी, असा रंगही बदलतो. काळ्याच्याच गडद-फिकट अनेक छटांच्या शाया वापरून छापले तर ही तक्रार जवळजवळ राहत नाही. अमेरिकेत व्हरमाँट येथील जॉन कोन यांनी २००० सालच्या सुमारास पिझोग्राफी या नावाने अशा शाया छायाचित्रकारांपुढे आणल्या. रॉय हॅरिंग्टन यांनी लिहिलेला क्वाडटोन रिप हे अल्प किमतीचे सॉफ्टवेअर प्रत्येक शाई किती, कोठून कोठवर पडावी याची रेघ वापरणाऱ्यालाच आखू देते. प्रिंटर कंपन्याही मागे राहिल्या नाहीत. एप्सनने २००५ साली तीन छटांच्या काळ्या शायांची यंत्रे आणली व कृष्णधवलसाठी ड्रायव्हरमध्येच वेगळी सोय दिली.

रिप कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये

वरील कारणामुळेच आमचा सल्ला विक्रेत्यांना आवडणार नाही. एक प्रिंटर, नामांकित कंपनीचा कागद व दिवसाकाठी पाचपंधरा फोटो एवढेच काम असलेल्या छायाचित्रकाराला आज स्वतंत्र रिपची बहुधा गरज नाही. चांगला ड्रायव्हर, आपल्या कागदासाठी बनवून घेतलेले प्रोफाइल आणि जुळवलेला पडदा एवढ्यावर त्याचे उत्तम चालते. कागद वारंवार बदलत असतील, मोठ्या रोलवर अनेक चित्रे एकत्र मांडून कागद वाचवावयाचा असेल, किंवा कृष्णधवल हाच व्यवसाय असेल, तर विचार करावा.

ऑफसेटचे प्रूफ पुरविणाऱ्याला मात्र पर्याय नाही. जी.एम.जी., सी.जी.एस., फायरी यांसारखी नावे त्या क्षेत्रात प्रचलित आहेत. त्यांची किंमत प्रिंटरच्या किमतीशी तुलना करावी इतकी असू शकते आणि मोजणीच्या उपकरणाचा खर्च वेगळा. सॉफ्टवेअर घेतले पण उपकरण घेतले नाही, हे तराजू न घेता वाण्याचे दुकान टाकण्यासारखे आहे.

फ्लेक्स छापणारी मोठी यंत्रेही रिपवरच चालतात. १४ एप्रिलच्या आधी ज्या दुकानांत रात्रभर फलक निघतात, तेथील ऑपरेटर रोज रिप वापरतो, मात्र बहुधा फाईल आत टाकणे व आकार बदलणे यापलीकडे तो जात नाही. शाईची मर्यादा व पायऱ्या सारख्या करणे या दोन गोष्टी त्याने शिकून घेतल्या, तर शाई वाचते, फलक लवकर वाळतो आणि निळा निळाच राहण्याची शक्यता वाढते. या कामाला पदवी लागत नाही. लागते ती नोंदवही व मोजण्याची सवय. नोकरीच्या शोधात असलेल्या विद्यार्थ्यांना नुसत्या डी.टी.पी.पेक्षा या ज्ञानाला अधिक मोल मिळेल असे आम्हांस वाटते. चोरून मिळविलेल्या प्रतींवर मात्र विसंबू नये. ती चोरी तर आहेच, शिवाय अशा प्रतीत नव्या यंत्राची व कागदाची माहिती भरली जात नाही, आणि ती ऐन गर्दीच्या आठवड्यात बंद पडली तर दाद कोणाकडे मागणार?

राहिला ग्राहकाचा भाग. संस्थेच्या वतीने प्रूफ पाहावयास जाणाऱ्याने ते दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली पाहू नये. मुद्रणात यासाठी ५००० केल्व्हिनचा प्रमाणित प्रकाश ठरलेला आहे. तशी पेटी नसेल तर भर दिवसा, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी जावे. प्रूफ-कागदात आणि छपाईच्या कागदात चमक आणणारी रसायने कमीअधिक असतात, त्यामुळे उजेड बदलला की दोन्ही कागद वेगवेगळे वागतात, हे अशा वेळी लक्षात ठेवावे. नुकतेच निघालेले प्रूफ थोडे वाळू द्यावे, ओल्या शाईचा रंग अखेरचा नसतो. चेहरे आधी पाहावेत, मग ध्वजाचा निळा व केशरी, मग करड्या छटा. बदल हवा असल्यास ‘रंग बरोबर करा’ असे न लिहिता ‘निळ्यात मॅजेंटा कमी करा’ असे लिहावे. दुरुस्तीनंतर नवे प्रूफ मागावे, त्यावरील मोजणीची चिकटपट्टी व तारीख पाहावी आणि दोन प्रतींवर सही करावी. एक प्रत संस्थेच्या फाईलमध्ये ठेवावी व दुसरी मुद्रणालयात मशीनमनच्या हाती द्यावी, कारण पहिला छापील कागद मशीनमधून बाहेर आला की तो याच प्रतीशेजारी ठेवून पाहावयाचा असतो.